भरदुपारचा सिग्नल

पिळलेल्या चादरींची बादली घेऊन धाकटी गच्चीकडे निघाली, तोच बाबांच्या खोलीतून दादाचा आवाज आला.

"बाबा... ऐकू येतंय का?"

बादली जिन्यातच राहिली. वादळ झाल्यापासून दादाच्या मालवाहू जहाजाचा पत्ता नव्हता. शोधबोटी खोल समुद्रात फिरत होत्या. आणि आज, भरदुपारी, बाबांच्या रेडिओवर सिग्नलचा काटा पार उजव्या टोकाला टेकला होता. खरखर नाही, काही नाही. शेजारी बसून बोलावं तसा आवाज.

"कुठे आहेस रे?" बाबा माइकवर ओरडले.

"इथे गार आहे, बाबा..." मग नुसता पाण्याचा आवाज.

बाबा जन्मभर बंदरावर रेडिओ ऑपरेटर होते. नोकरी सुटली, हुकूम सोडायची खोड सुटली नाही.

"ऊन असताना वर आकाशात आयनांबराचा, म्हणजे विद्युतभारित हवेचा, खालचा थर लांबचा सिग्नल गिळून टाकतो," ते म्हणाले. "अंधार पडला की तो थर विरतो, मग वरचा थर रेडिओलहरी खाली परतवतो. म्हणून पोरगा रोज रात्रीच बोलायचा. आत्ता दुपारी एवढा खणखणीत? म्हणजे तो लांब नाहीच. किनाऱ्यालगत आहे!"

"अहो बाबा, पण त्याला नीट विचारा तरी—" धाकटी म्हणाली.

"अर्ध्यात कॉलेज सोडणारीने मला शिकवू नये."

त्यांनी शोधकार्यालयात फोन लावला. तिथे सगळे त्यांच्याच हाताखाली तयार झालेले. साहेबांचा शब्द म्हणजे काळ्या दगडावरची रेघ. बोटी किनाऱ्याकडे वळल्या. आईने दादाचा टॉवेल काढून खुर्चीवर ठेवला.

म्हाताऱ्यांचं हे असंच. रडायचं तिथे खात्रीने बोलतात, आणि माना डोलवणारेही त्यांना भेटतात. पण फोन ठेवल्यावर बाबांनी खुर्चीवरचा टॉवेल हळूच सारखा केला, ते धाकटीने पाहिलं. त्यांच्या खांद्यावर हात ठेवावासा वाटला. नाही ठेवला. बादली उचलून ती वर गेली.

गच्चीवर रेडिओच्या एरियलची तार टाकीमागे पडली होती. तुटलेली. तुटलेल्या टोकावर मिठाचा पांढरा थर बसलेला. म्हणजे वादळातच गेली असणार. या सेटला साधं बंदरसुद्धा ऐकू यायला नको होतं.

तार हातात घेऊन ती धावत खाली आली. "बाबा, सेटला एरियलच नाही! मग तो जवळ आहे कशावरून? बोटी परत खोल समुद्रात वळवायला सांगा!"

बाबांनी तारेकडे पाहिलं. मग काट्याकडे. "तू... तूच कर गं फोन."

धाकटीने नंबर लावला. पलीकडे घंटा वाजत राहिली. बाबांनी चाचपडत सेटचं बटण बंद केलं. दिवा विझला. काटा होता तिथेच राहिला, आणि बंद सेटमधून दादाचा आवाज आला.

"बाबा... बोटी दिसायला लागल्या होत्या. का वळवल्यात?"