ऑफ्टेडालच्या शर्टातला माणूस

व्हेराने कार्ड टेबलावर ठेवलं, आणि म्हाताऱ्या ऑफ्टेडालने साखर किती म्हणून विचारता विचारता त्यावर बशी पालथी घातली. एवढंच झालं. पण व्हेराला ते खटकलं.

"मिस्टर ऑफ्टेडाल, तेच तर दाखवायला आणलंय मी."

"पाहिलंय. आधी कॉफी घे. हात बघ कसे थरथरतायत! माझा चेंडू हवेत असा थरथरला असता, तर फलंदाज चकले असते आणि दोन सामन्यांत घरी नसतं पाठवलं मला."

बाहेर जुलैची टळटळीत दुपार. आयोवाचा मका खिडकीच्या वर गेलेला, पण एक पान हलत नव्हतं.

व्हेरा मुळातच भित्री. दार आपटलं तरी दचकायची. पण तिचे वडील, एमिल प्रुशा, हॉस्पिटलात होते आणि हृदयाच्या ऑपरेशनच्या कागदावर सही करायला तयार नव्हते. चाळीस वर्षं त्यांनी बेसबॉल खेळाडूंची जुनी फोटो-कार्डं जमवली होती, तीही नामवंतांची नाहीत. दोन-चार सामने खेळून शेतावर परतलेल्यांची. प्रत्येकासाठी वहीत एक पान. "लोक विसरले ते विसरले," ते म्हणायचे, "नाव तरी चुकू नये." एका बेकरीने पावाच्या पुड्यात घातलेल्या तीस कार्डांपैकी एकोणतिसांची पानं भरली होती. तिसाव्यावर नाव हार्लन ऑफ्टेडालचं होतं, चेहरा मात्र भलत्याच कुणाचा. संघातल्या जिवंत गड्यांना पत्रं घालून झाली. कुणीच तो चेहरा ओळखला नाही. "ते पान कोरं टाकून मी टेबलावर झोपणार नाही," एमिलने डॉक्टरांना बजावलं होतं. डॉक्टरांनी व्हेराला बाहेर नेऊन सोमवारच्या पुढची खात्री नाही म्हणून सांगितलं होतं.

"तुमच्या जागी कोण उभं राहिलं? गंमत म्हणून कुणी—"

"फोटोच्या दिवशी मला गालगुंड झालं होतं. शर्ट मैदानावरच्या कपाटात, किल्ली माझ्या उशाखाली, इथं, तीस मैलांवर." त्याचा आवाज खाली आला. "शर्ट कुणी घातलाच नव्हता, पोरी."

"मग फोटोत...?"

"तो शर्ट तळघरात टांगलाय. एकोणचाळीस वर्षं झाली. मी खाली जात नाही. वडलांना सांग, पान कोरंच बरं."

व्हेरा उठली.

"जिना कुठाय?"

खाली बटाट्यांचा आणि ओल्या भिंतींचा वास होता. त्यातूनच, कुठूनसा, नुकत्याच कापलेल्या गवताचा. झरोक्यातून उन्हाची एक पट्टी भिंतीवर पडलेली. तिथे खिळ्याला तो शर्ट, राखाडी, लोकरीचा, एक बटण तुटलेला. तिने बाही हातात घेतली. दुसऱ्या हाताने काखेत चाचपलं.

ओलं होतं. आणि ऊबदार... मैदानातून आत्ताच कुणी येऊन काढून ठेवावा तसं.

ती मागे सरली तशा फळीवरच्या बरण्या खणखणल्या. जिना चार पावलांवर होता. वडलांचा तो बिनसहीचा कागद तिच्या डोळ्यांपुढे आला, आणि तिने बाही सोडली नाही.

"कोण आहात तुम्ही?" तिने मोठ्याने विचारलं. "माझे वडील शोधतायत तुम्हाला... फक्त नाव हवंय."

वर खुर्ची करकरली. "वर ये, पोरी! विचारू नकोस त्याला!"

"नाव सांगा," व्हेरा म्हणाली. डोळ्यांतून पाणी वाहत होतं. "नाव घेतल्याशिवाय मी जाणार नाही."

तिच्या मुठीतली बाही हळूहळू भरत गेली. आधी दंड, मग कोपर, मग मनगट.

"लिहून घे," अगदी कानाशी, किंचित धापा टाकत, एक तरुण आवाज म्हणाला. "आणि नीट लिही हं... मागच्या वेळी चुकीचं छापलं."