एक वर्षाआड दुर्गा

सिल्वासाच्या बसथांब्यासमोर, खमणवाल्याच्या गाडीपाशी सकाळी साडेसहाला दुर्गा भेटेल, हे सायलीच्या हिशोबातच नव्हतं. हे साल भावेशचं होतं. दुर्गाची पाळी आता थेट पुढच्या डिसेंबरात.

पण दुर्गा तर समोरून येत होती. खानवेलच्या पहिल्या बसमधून उतरलेली, अंगात मरून स्वेटर, तिथल्या हॉस्पिटलच्या लॅबमधली रात्रपाळी करून डोळे तांबारलेले. आणि सायलीच्या डाव्या हाताला, अगदी खेटून, भावेश खमणावर कढी ओतून घेण्यात रंगला होता.

"भावेश, गाडीत हवा भरून आण ना," सायली म्हणाली.

"कालच तर भरली ने," भावेश त्याच्या गुजराती वळणाच्या मराठीत म्हणाला.

"तरी भरून आण."

भावेश सरळ माणूस. प्लेट ठेवली, दोन खमण हातात घेतले आणि बाइक काढून पेट्रोल पंपाकडे गेला. पलीकडे उभ्या असलेल्या नीलेशने सगळं पाहिलं होतं. तो चहाच्या ग्लासात तोंड लपवून हसत होता, आणि हसताना त्याच्या उजव्या गालाला जे काही व्हायचं त्याकडे सायली हल्ली मुद्दाम बघत नसे.

ही चौकडी सिल्वासाच्या कॉलेजातली. शेवटच्या पेपरानंतर चौघांनी ठरवलं होतं, नोकरी लागो, लग्न होवो, बदली होवो, दर डिसेंबरात एक राष्ट्रीय उद्यान चौघांनी मिळून बघायचं. पहिल्या साली बोरिवली झालं. मग ताडोबा. पुढे दुर्गा आणि भावेश प्रेमात पडले, प्रकरण लग्नाच्या बोलण्यापर्यंत गेलं आणि तिथेच फिसकटलं. आता ही दोघं एका जीपमध्ये कशी बसणार? सायली शिक्षिका, शाळेचं वेळापत्रक तीच करायची. तिने दुर्गाला सांगितलं, भावेशला अवघडल्यासारखं होईल गं. भावेशला सांगितलं, दुर्गाला अवघडल्यासारखं होईल रे. आणि वर्षं वाटून टाकली. सम साली भावेश, विषम साली दुर्गा. गेल्या साली गीरला दुर्गा आली होती. या साली वांसद्याला भावेश. आपण मैत्री वाचवली, असा सायलीचा ठाम समज होता.

आणि या समजापायीच तिचं अडलं होतं. आठ दिवसांपूर्वी दमणगंगेच्या काठच्या बागेत नीलेशने शेंगा सोलता सोलता विचारलं होतं, "सायली, आपण दोघं... म्हणजे नेहमीसाठीच..." पुढचं त्याला बोलवेना. यार्न कंपनीत दिवसभर धाग्यातले दोष शोधणारा हा मुलगा, त्याला स्वतःचं एक वाक्य धड पुरं करता आलं नाही. तिला त्याच क्षणी हो म्हणावंसं वाटलं. पण ती म्हणाली, वांसद्याहून आल्यावर सांगते. कारण चौघांतली दोघं आधीच अर्धी अर्धी झाली होती. उद्या आपलंही फिसकटलं तर? मग कोणतं साल कुणाचं? असं वेळापत्रक तिलाही जमलं नसतं. नीलेश हवा होता, फार हवा होता, आणि म्हणूनच त्याला गमवायची तिला धास्ती वाटत होती.

म्हणून आज ती भावेशच्या बाइकवर मागे बसून जाणार होती. नीलेशच्या मागे तीन तास बसणं तिला झेपलं नसतं.

"आज निघालात होय?" दुर्गाने येताच विचारलं. आवाजात रुसवा नव्हता, नुसती थकलेली माया होती. "कुठे यंदा?"

"वांसदा... जवळच आहे. काही खास नाही गं." सायलीने गीरमध्ये वाघ आहेत म्हणावं तशी धडधडीत थाप मारली, आणि मग घाईघाईने दुर्गाची आई कशी आहे, किलवणीच्या शेतातलं भात झोडून झालं का, लॅबमध्ये नवी मशीन आली का, असे प्रश्न एकामागून एक विचारले. दुर्गा उत्तरं देत राहिली. सायलीचं लक्ष सगळं रस्त्याकडे. पण सिल्वासात पेट्रोल पंप आहेत तरी किती लांब? भावेश परत आला. बाइक लावली, हेल्मेट काढलं, आणि समोर दुर्गा.

नीलेशचं हसू मावळलं.

"नाइट होती?" भावेशने विचारलं.

"हो."

"नाश्ता केला?"

"नाही अजून."

त्याने आपली अर्धी प्लेट तिच्यापुढे सरकवली. तिने एक खमण उचलला. झालं, एवढंच. आभाळ काही कोसळलं नाही. दोघं चटणी तिखट आहे की नाही यावर बोलत राहिली.

"तुला चालणार नाही म्हणून मी येत नाही विषम साली," भावेश खाता खाता म्हणाला.

दुर्गाचा हात थांबला. "मला चालणार नाही? मी कधी म्हटलं? तुलाच चालत नाही ना?"

"मी तो काही बोललोच नाही ने."

मग दोघांनी एकदमच सायलीकडे पाहिलं. नीलेश आपल्या चहाच्या ग्लासाचा तळ निरखू लागला.

मला वाटलं, असं काहीतरी सायली पुटपुटली. तुम्हाला त्रास नको म्हणून. निदान अर्धे तरी राहाल म्हणून.

"आमचं लग्न नाही जमलं," दुर्गा म्हणाली. तिचा आवाज मऊच होता, म्हणून जास्त लागला. "त्याचं वाईट वाटलं, रडले, संपलं. पण मैत्रीला एक वर्षाआड सुट्टी तू दिलीस, सायली. सम साली डिसेंबर आला की मी तुमचे फोटो बघत बसते. निदान विचारायचं तरी होतंस."

सायलीच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. तिने दुर्गाचा कढीने ओला झालेला हात तसाच धरला आणि चुकलं माझं, एवढंच म्हणाली. दुर्गाने तिच्या डोक्यावर हलकीशी टपली मारली. मग घरी फोन करून आईला सांगितलं की संध्याकाळी येते, आणि सरळ जाऊन भावेशच्या बाइकवर मागे बसली. रस्ताभर झोपणार आहे, पडले तर उचल, असं तिने त्याला बजावलं.

म्हणजे सायलीला आता नीलेशच्या मागे बसणं भाग होतं.

नीलेशने हेल्मेट पुढे केलं. तिला पट्टा लागेना, तेव्हा त्याने लावून दिला. बोटं हनुवटीला लागली, थंडीने गार झालेली. धरमपूरपर्यंत तिने सीटमागचा दांडा घट्ट धरून ठेवला. घाटातल्या एका वळणावर तिने त्याच्या खांद्यावर हात ठेवला, आणि वळण संपल्यावर काढायचं ती विसरली.

वांसद्याच्या जंगलात ऊन नुकतंच झाडांतून खाली झिरपत होतं. सागाची वाळलेली पानं पायाखाली पापडासारखी मोडत होती. दुर्गा आणि भावेश वाटाड्याबरोबर पुढे गेले. मागे या दोघांची वाट एका कोळ्याने अडवली होती. दोन बांबूंमध्ये चादरीएवढं जाळं, त्यावर सावलीत टिकलेलं दंव, मधोमध हाताच्या पंजाएवढा कोळी. ते मोडू नये म्हणून दोघं थांबली.

"तू विचारलं होतंस त्याचं..." सायली म्हणाली. "मला भीती वाटत होती, नीलेश. नाही टिकलं तर?"

"नाही टिकलं तर तोंड फुगवून येईन," तो म्हणाला. "पण येईन. दर साली. मला विचारल्याशिवाय माझं साल काढायचं नाही, एवढीच अट."

ती हसली. "मग... हो."

"काय हो?"

"मला आवडतोस तू. गीरपासून."

नीलेश गोंधळला. "गीरला? गीरला तर मला ताप होता. मी सफारीला आलोच नव्हतो, दिवसभर खोलीत पडून होतो."

"तेच तर." ती जाळ्याकडे बघत होती, त्याच्याकडे बघायचा अजून धीर नव्हता. "सिंह दिसला ना, तेव्हा तुला दाखवायला मी मागे वळले. तू नव्हतास. मग परत पुढे बघावंसंच वाटलं नाही. सिंह कधी गेला, ते दुर्गाला विचार. मला नाही माहीत."

नीलेशने या वेळी वाक्य जुळवायचा प्रयत्नसुद्धा केला नाही. त्याने तिचा हात हातात घेतला, कोळ्याला वळसा घातला, आणि पुढून दुर्गा हाका मारत असताना दोघं जमेल तितकी सावकाश चालत निघाली.