रिकाम्या हवेतला माणूस

सकाळचे अकरा वाजले की विजेच्या लाइनवरच्या बारा नंबरच्या टॉवरचा कॅमेरा बोंबलायचा. कंट्रोल रूममध्ये माझ्या पडद्यावर तारेजवळच्या निव्वळ रिकाम्या हवेभोवती लाल चौकट आणि वर शब्द, 'माणूस'. अरे, फांदी दाखव, क्रेन दाखव, तुझं कामच ते. पण हवा? नुसता वैताग!

इशारा आला की लाइनमनला फोन करायचाच, असा नियम. आणि लाइनमन म्हणजे माझा सख्खा थोरला भाऊ.

"अगं, रोज कसले हेलपाटे घालायला लावतेस? चिटपाखरू नाही इथं."

"मला काय हौस आहे का, दादा?"

साहेब म्हणाले, "मशीनला शिकवा. दर वेळी 'माणूस नाही' दाबा, होईल शहाणं." महिनाभर मी दाबत बसले. झालं शहाणं. तारेजवळची चौकट गेली. म्हटलं, सुटले एकदाची.

गुरुवारी लाइन बंद करून दादा त्याच टॉवरवर दुरुस्तीला चढला. पडद्यावर तो स्वच्छ दिसत होता, पिवळं हेल्मेट, कमरेला पट्टा. मशीन मात्र म्हणत होतं, 'माणसं: शून्य'. कपाळ माझं! तिथं कोणी नसतं, हे मीच त्याच्या डोक्यात भरवलं होतं.

चाळीस मिनिटांनी फोन वाजला. दादाचा नंबर, दादाचाच आवाज.

"झालं काम. उतरलो. लाइन चालू कर."

मी पडद्याकडे पाहिलं. दादा वरच होता, पान्याने बोल्ट आवळत होता.

"चेष्टा नको हं. तू वर आहेस."

"अगं, खाली उभा राहून घाम पुसतोय."

चित्र अडकलंय का ते पाहिलं. कोपऱ्यातले सेकंद पळत होते. साहेब मागून करवादले, "अहो, उतरला ना तो? मशीनही शून्य म्हणतंय. कशाला खोळंबा?"

बटण माझ्या हाताखाली होतं. वर खरंच दादा असेल, तर एका बटणात त्याची राख. मला भीती वाटली, सरळ सांगते.

"दादा, टॉवरच्या पायथ्याशी ये. कॅमेऱ्यात दिस."

"भलती कटकटी आहेस. आलो, बघ."

पायथ्याच्या मोकळ्या मातीवर लाल चौकट उमटली. 'माणूस'.

आत कोणी नव्हतं.

वर दादाने पाना पट्ट्यात खोचला आणि दोन्ही हातांनी तार धरली.

"दिसलो ना?" फोनमधून दादा म्हणाला. "आता कर चालू."