काचेवरची सावली

ही ऐकीव गोष्ट नाही. जिच्यासोबत घडली ती जनकाबाई, माझी सख्खी मावशी. खोटं बोलणं तिला जमतच नाही.

साल १९७८. गाव साखरा. आणि वेळ रात्रीची नव्हती...

भर दुपारची, बाराची होती.

मावशी गावात नर्स होती. मनगटावर तिच्या धाकट्या भावाचं, सोनाजीचं घड्याळ. तो मस्कतला नोकरीला होता, सुट्टीवर येताना आणलेलं. नुसती काळी काच. बटण दाबलं की लाल आकडे पेटायचे.

"आक्का, आत दिवा न्हाई. एका आकड्याला सात बारक्या रेघा हायेत, त्या सोताच पेटतात," तो सांगायचा.

पण उन्हात काही दिसायचं नाही. मग सोनाजी काचेवर तळहाताची सावली धरायचा. "आता बघ."

त्याच सुट्टीत तो सिद्धेश्वर धरणात बुडाला.

दोन महिन्यांनी, ऐन वैशाखात, गरोदर चांगुणा शेताच्या वाटेवर कोसळली. तिच्या सासूने मावशीला तिथे आणून सोडलं आणि बैलगाडी आणायला पळाली.

आसपास झाड नाही. माणूस नाही.

मावशीने डाव्या हाताने नाडी धरली. सेकंद दिसावेत म्हणून उजव्या हाताने बटण दाबून धरलं. काच काळीच. सावलीला तिसरा हात कुठून आणणार?

इतक्यात...

काचेवर तळहाताची सावली पडली.

आकडे लख्ख दिसले. सासू परतली असेल, असं मावशीला वाटलं.

"असाच धरा हात. हलू नका."

पंधरा सेकंदांत चाळीस ठोके. नाडी धाग्यासारखी.

"गाडी आली का?" तिने मागे पाहिलं.

कोणीच नव्हतं.

सावली मात्र काचेवर तशीच...

मग ती सरकली. हळूहळू... चांगुणाच्या कपाळाकडे.

मावशीने तिचं मनगट आणखी घट्ट धरलं.

"सोना... न्हाई रे!"

लांबून गाडीचा खडखडाट आला. सावली दिसेनाशी झाली.

चांगुणा वाचली. लेकरूही.

आठ दिवसांनी तिनेच विचारलं, "बाई, तुमच्या मागं कोण उभं व्हतं?"

"कसा व्हता?"

"त्वांड दिसलं न्हाई. मला 'चल, चल' म्हणून राहिला व्हता. तुमी हात सोडला न्हाई, म्हनून ऱ्हायले."

पुढे उन्हातही दिसणारी, करड्या आकड्यांची घड्याळं निघाली. मावशीने लगेच त्यातलं एक घेतलं; त्याला सावली लागत नव्हती.

परवा ती मला म्हणाली, "सोना मला मदत कराया आला व्हता... का तिला न्यायला?"