आठ तास बसून राहायची गाडी

माझी बायको मंजुषा गेल्याचं मला कळलं तेव्हा मी वर्ध्याला आर्वी नाक्याजवळ रंजिताच्या ऑनलाईन सेंटरमध्ये बसलो होतो. समोरच्या कॉम्प्युटरवर आल्प्सच्या डोंगरातल्या गाडीचा फॉर्म उघडा होता. मार्चचा पहिला सोमवार. रंजिताने विचारलं, काकाजी, खिडकीजवळ कोण बसणार? मी म्हणालो, काकू. तेवढ्यात फोन वाजला. माझा भाचा वैभव सावंगीच्या दवाखान्यात प्रयोगशाळेत काम करतो. मंजुषा त्या दिवशी तिच्या बहिणीला दाखवायला तिथं घेऊन गेली होती. वैभव दोनदा नुसतं मामाजी म्हणाला आणि मग त्याने सांगितलं. बहिणीचा नंबर लागायची वाट पाहत ती बाकावर बसली होती. बसल्या बसल्या गेली. बहिणीला वाटलं, डोळा लागला.

रंजिताने कॉम्प्युटर बंद केला. फॉर्म अर्धाच राहिला.

हे आधी सांगून टाकलं, कारण पुढचं सगळं हसण्यासारखं आहे. ती असती तर तिनंच सांगितलं असतं, आणि माझ्यापेक्षा चांगलं सांगितलं असतं.

मी माझ्या बायकोच्या प्रेमात पडलो तेव्हा आमच्या लग्नाला एकोणतीस वर्षं झाली होती. त्याआधी भांडण नव्हतं, पण प्रेमाला वेळ नव्हता. नालवाडीच्या पलीकडे आमचं दोन एकर वावर आहे. वांगी, मेथी, सांबाराच्या म्हणजे कोथिंबिरीच्या जुड्या. पहाटे तोडायचं, बाजारात न्यायचं, आल्यावर मोटर पाहायची. एकुलती एक मुलगी मेघा नवऱ्यासोबत जर्मनीत असते. जावई अश्वजित तिथल्या दवाखान्यात नर्स आहे. दोघांनी ठरवलं की जूनमध्ये आम्हाला बोलवायचं आणि चौघांनी मिळून आल्प्समधून गाडीने जायचं. मेघाने दोन गाड्या सांगितल्या आणि म्हणाली, यातली एक तुम्ही निवडा, मार्चमध्ये बुक करून मला कळवा.

एक होती ग्लेशियर एक्स्प्रेस. आठ तासांची. खिडकीची काच पार छतापर्यंत चढलेली, जेवण जागेवर येतं, आणि खिडकी उघडत नाही. दुसरी बर्निनाच्या बाजूची साधी गाडी. तिच्या काही डब्यांच्या खिडक्या उघडतात. वाटेल त्या स्टेशनवर उतरा, फिरा, तासाभराने मागची गाडी येते तिच्यात बसा. मला ही दुसरी आवडली. मंजुषाला पहिली. कारण काही ती सांगेना. मोबाईलवर डोंगर मुंगीएवढे दिसत, म्हणून मी दर शुक्रवारी रंजिताकडे मोठ्या पडद्यावर पाहायला जाऊ लागलो. एकदा मंगळवारीच गेलो. घरी सांगितलं की ठिबकच्या नळीचे जोड आणायला जातो.

डिसेंबरमधली दुपार होती. रंजिताच्या सेंटरमध्ये तीन कॉम्प्युटर आहेत. मधल्यावर एक बाई बसली होती. धुळीसाठी बांधतात तसा चेहरा स्कार्फने बांधलेला, फक्त डोळे उघडे, कानाला हेडफोन. मी कोपऱ्यातल्या खुर्चीवर बसलो. मी बायकांकडे पाहणारा माणूस नाही. पण ही बाई डावीकडे झुकली, मग उजवीकडे झुकली... म्हणून पाहिलं. तिच्या पडद्यावर गाडी वळण घेत होती. गाडी जिकडे वळेल तिकडे बाई झुकत होती. बोगदा आला की डोळे मिटायची, उजेड आला की उघडायची. एका उंच पुलावर गाडी आली तेव्हा तिने टेबलाची कड घट्ट धरली.

मला ती बाई फार आवडली. छप्पन्न वर्षांच्या माणसाने असं लिहू नये, पण आवडली. वाटलं, हिच्या घरचा माणूस नशीबवान आहे. मग लाज वाटली आणि मी मान खाली घातली. खाली तिची चप्पल दिसली. डाव्या चपलेचा पट्टा हिरव्या सुतळीने शिवलेला होता. ती सुतळी मी मेथीच्या जुड्यांना बांधतो. पट्टा मीच शिवला होता.

मी तिच्या खांद्याला हात लावला. तिने हेडफोन काढला, माझ्याकडे पाहिलं, आणि दोघंही एकदमच बोललो.

"तू तं बहिनीकडे गेलती ना?"

"तुमी तं नळीचे जोड आणाले गेलते ना?"

रंजिता हसायला लागली. म्हणाली, काकू मंगळवारी येतात, काकाजी शुक्रवारी येतात, आज काकाजींचा वार चुकला. म्हणजे मंजुषाही माझ्यासारखीच चोरून येत होती.

बाहेर आलो तेव्हा मी तिला म्हणालो की चल, चहा घेऊ. लग्नानंतर पहिल्यांदा आम्ही दोघं बाहेर टपरीवर उभे राहून चहा प्यालो. तिने स्कार्फ हनुवटीखाली ओढला, ओठ पुसले, आणि माझ्याकडे असं पाहिलं की मी कपातच पाहत राहिलो.

"मघा किती वेळ पाहून राह्यलते माह्याकडे?" तिने विचारलं.

"मले का माईत तू हायस म्हणून."

"म्हणूनच विचारून राह्यली."

मी विषय गाडीवर नेला. म्हणालो, त्या गाडीत काय पाहिलंस एवढं? खिडकी उघडत नाही. आठ तास काचेच्या बरणीत लोणच्यासारखं बसून राहायचं.

"लोणचं बरणीत बसल्याशिवाय मुरते का?" ती म्हणाली, आणि चहाचा कप माझ्या हातात देऊन चालायला लागली.

त्या दिवसापासून आम्ही दोघं मिळून मंगळवारी रंजिताकडे जायला लागलो. एकाच कॉम्प्युटरसमोर दोन खुर्च्या, एक हेडफोन, एक कान तिचा, एक माझा. लोक सातबारा काढायला येत आणि आमच्याकडे पाहत. बाजूच्या वावरातले बंडूजी एकदा तिथं आले. त्यांनी घरी जाऊन सांगितलं की पुंडलिकराव बायकोसोबत कानात वायर घालून डोलतात.

कारण मात्र तिने जानेवारीत सांगितलं, तेही मी चिडून विचारलं तेव्हा. मेथी निवडत होती. वर न पाहता म्हणाली की त्या गाडीत मधेच उतरून भटकायची सोय नाही, म्हणून.

"एकोणतीस वर्षांत तुमी माह्यापाशी अर्धा तास बसले नाई," ती म्हणाली. "मोटर पाहून येतो, फाटक लावून येतो, कुत्रं काऊन भुकते पाहून येतो. आठ तास कुठीच जाता येनार नाई, अशी एकच गाडी भेटली मले."

मी म्हणालो, मी काही लहान पोर नाही, बसता येतं मला. तिने फक्त एक शब्द उच्चारला. "बडनेरा."

बडनेऱ्याचं सांगायला हवं. लग्नानंतर आठव्या दिवशी आम्ही शेगावला दर्शनाला निघालो. बडनेऱ्याला गाडी थांबली. मी चहा घ्यायला उतरलो, चहावाला सुटे शोधत राहिला, आणि गाडी नवी नवरी घेऊन निघून गेली. दोघांची तिकिटं माझ्या खिशात, डबा तिच्याकडे. मी मागच्या पॅसेंजरने तिच्यानंतर साडेतीन तासांनी शेगावला पोचलो. ती प्लॅटफॉर्मवर बाकावर बसली होती. डबा उघडलेला नव्हता. रडेल, नाहीतर माहेरी निघेल असं वाटलं. तिने मला वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि विचारलं, "चहा झाला का?" पुढं एकोणतीस वर्षं, मी कुठूनही उशिरा आलो की हेच विचारायची.

तर असं ठरलं की ट्रायल घ्यायची. वर्धा ते शेगाव, त्याच रस्त्याने. मी जागेवरून उठायचं नाही. पास झालो तर तिची गाडी, नापास झालो तर माझी. लघवीला उठलेलं चालेल, हे मेघाने फोनवरून मधे पडून ठरवून दिलं.

पुलगावपर्यंत ठीक गेलं. धामणगावला एक माणूस भली मोठी बॅग घेऊन चढला आणि मला म्हणाला, भाऊ, जरा हात लावता का. मी उठणार, तर मंजुषाने माझ्या गुडघ्यावर हात ठेवला आणि त्याला सांगितलं की यायले उठाची मनाई हाय. तो माणूस माझ्या पायांकडे पाहत राहिला. कोणत्या डॉक्टरनं सांगतलं, असं त्याने हळू आवाजात विचारलं.

"म्या," ती म्हणाली.

हात तिने गुडघ्यावरून काढला नाही. बडनेऱ्यापर्यंत तसाच होता. मी खिडकीबाहेर पाहत होतो, पण बाहेर काय होतं ते विचाराल तर सांगता येणार नाही.

बडनेरा आलं. चहा, चहा, ओरडत माणसं खिडकीखालून गेली. माझे तळपाय शिवशिवायला लागले. तेव्हा मंजुषा स्वतः उठली. "बसा," म्हणाली, "मी येतो चहा घेऊन." आणि उतरली.

मी दोन्ही हात मांडीखाली दाबून बसलो. ती खिडकीतून दिसत होती, मग गर्दीत दिसेनाशी झाली. दोन मिनिटं गेली असतील. इंजिनने शिटी दिली. ती कुठंच नव्हती. हिरव्या काठाची साडी शोधली, तर तीन हिरव्या साड्या दिसल्या आणि तिघीही दुसऱ्याच बाया. मला साडेतीन तास काय असतात ते तिथं कळलं. गाडीला हिसका बसला आणि मी उठलो, लोकांचे पाय तुडवत दारातून खाली उडी मारली, आणि तिच्या नावाने हाक मारली. लग्नानंतर नाव घेऊन कधी हाक मारली नव्हती.

गाडी हळूहळू चालायला लागली होती. आमच्या खिडकीत मंजुषा बसली होती. मागच्या दाराने चढली होती. दोन्ही हातांत चहा. ती खिडकीतून माझ्याकडे पाहत होती, आणि खिडकीसोबत पुढं सरकत होती.

"चहा झाला का?"

मी धावलो. बॅगवाल्या माणसाने मला दारातून ओढून घेतलं. माझे पाय चांगले चालतात हे पाहून त्याला फार आनंद झाला.

जागेवर येऊन बसलो तेव्हा दम लागला होता. तिने कप माझ्या हातात दिला. अर्धा सांडला होता.

"मले वाटलं तू राह्यली," मी म्हणालो.

तिने आपल्या कपातला घोट घेतला. मग म्हणाली, "त्या दिवशी शेगावले बसून बसून ठरोलं होतं, हा मानूस आला तरी याच्याशी बोलाचं नाई. जलमभर नाई."

"मंग?"

"मंग तुमी आले... केसात सगळी धूळ. अन् मले तुमी आवडले." तिने पदराने माझ्या शर्टावरचा चहा पुसला. "आता नापास झाले तुमी. तुमचीच गाडी घेऊ."

मी सांगितलं की ही ट्रायल धरू नको, तू उतरली म्हणून मी उतरलो. ती म्हणाली नियम म्हणजे नियम. पण शेगावपर्यंत ती माझ्या खांद्याला टेकून बसली, आणि लोकांनी पाहिलं तरी सरकली नाही.

त्यानंतर मी चोरून सराव सुरू केला. वावरात बोरीच्या झाडाखाली भाज्यांचं रिकामं कॅरेट पालथं घालून त्यावर बसायचं आणि उठायचं नाही. पहिल्या दिवशी वीस मिनिटं झाली. मग एक तास. मोटर बंद पडल्याचा आवाज यायचा, तरी उठायचो नाही. बंडूजी येऊन विचारून गेले, पुंडलिकराव, तब्येत बरी आहे ना? घरी मंजुषा ओरडायची की वांगे वाळून राह्यले, लक्ष कुठी हाय तुमचं. फेब्रुवारीत पाच तास झाले. शेवटच्या रविवारी ती दिवसभरासाठी बहिणीकडे गेली, तेव्हा सकाळी नऊला बसलो आणि संध्याकाळी पाचला उठलो. कमरेचं लाकूड झालं होतं. पण आठ तास झाले.

तिला सांगितलं नाही. आधी तिची गाडी बुक करायची आणि मग सांगायचं, असं ठरवलं होतं.

सोमवारी सकाळी ती बहिणीला घेऊन ऑटोत बसली. मी रंजिताकडे निघालो होतो. ऑटोतून डोकं बाहेर काढून म्हणाली, "तुमचीच गाडी करा बुक. अन् उतरा कुठी उतराचं ते. मी सामान पाहत बसतो."

मी म्हणालो, "हाव." आमचं शेवटचं बोलणं हेच, आणि त्यातही मी खोटं बोललो.

जूनचा बेत मोडला. मेघाने आता सप्टेंबर धरला आहे. म्हणते, बाबा, आईसाठी तरी चला. अश्वजित रोज फोन करतो आणि इकडचं तिकडचं बोलून ठेवतो. रंजिता दर मंगळवारी मधला कॉम्प्युटर मोकळा ठेवते. मी जातो, दोन खुर्च्यांपैकी डावीकडच्या खुर्चीवर बसतो, एका कानाला हेडफोन लावतो आणि वळण आलं की झुकतो. पूर्ण व्हिडिओ होईपर्यंत उठत नाही.

गाडी ठरली आहे, आठ तासांचीच. सीट तीन सांगायच्या की चार, ते अजून मेघाला कळवलेलं नाही.