सफरचंदाची फोड

सारी गल्ली ज्यांना बाइंडरकाका म्हणे ते गृहस्थ, वय वर्षे बहात्तर, त्या दुपारी नेहमीप्रमाणे पाइपची तंबाखू सिद्ध करीत होते. पाने वाफेवर मऊ करावीत, मधाचा हात फिरवावा, पुस्तके दाबण्याच्या शिकंज्यात आवळावीत, मग बारीक चिरून बरणीत भरावीत आणि ओल टिकावी म्हणून वर सफरचंदाची एक फोड ठेवावी, असा त्यांचा शिरस्ता. त्या फोडीचा चावा आधी थोरले बंधू घेत. "पहिला घास माझा, मग बरणीचा!" पुढचा दात तुटलेला असल्यामुळे चाव्याच्या मधोमध एक उंचवटा राही.

डॉक्टरांनी बंधूंचे धूम्रपान बंद केल्यावरही काका त्यांना चोरून पुडी पोहोचवीत राहिले. त्यांच्या मिश्रणाची तशी वाखाणणी दुसरे कोण करणार होते? बंधूंना जाऊन आता महिना लोटला होता. अखंड फोड ठेवून काकांनी झाकण घट्ट फिरवले, तोच वहिनी दारात आल्या.

"भावोजी, ह्यांना तंबाखू कोण पुरवत होतं, कळलं मला."

काकांनी बरणी पाठीमागे सरकवली.

"तुम्ही ह्यांना तंबाखू न देण्याचा शब्द दिला होतात, तेव्हा तुमचा प्रश्नच नाही. तो न्हावी! दाढीच्या निमित्ताने यायचा ना? आज दारातूनच हाकलला. रडत होता मेला."

"असेल…" काका म्हणाले.

वहिनी गेल्या. पाइप खुंटीवर थंड होता, तरी खोलीत जळत्या तंबाखूचा वास दाटू लागला. मग पाठीमागे, अगदी जवळ, काहीतरी करकन चावल्याचा आवाज झाला.

झाकण होते तसेच घट्ट होते. काकांनी ते उघडले. फोडीला चावा होता, मधोमध उंचवटा. रस अजून पाझरत होता.

"दादा…?"

ती फोड रुमालात घेऊन काका तडक वहिनींकडे गेले. "न्हावी नव्हे, वहिनी… मीच."

वहिनींनी त्या उंचवट्यावरून बोट फिरवले.

"आणि शब्दाचे पक्के म्हणे!" एवढेच बोलून त्यांनी दार लावून घेतले.

न्हाव्याला वहिनींनी स्वतः जाऊन परत बोलावले. काकांना ते दार पुन्हा उघडले नाही. त्यांनी तंबाखू सोडली. सफरचंदही आता घरात येत नाही. बरणी धुऊन, पुसून, फळीवर पालथी घातलेली आहे. रोज सकाळी तिची काच आतून ओली असते.