साडेपाच फूट

क्रांती चौकातल्या खेळाच्या सामानाच्या दुकानात पोहायच्या टोप्या दोनच उरल्या होत्या. एक काळी, साधी. दुसरी पोपटी, आणि तिच्यावर पिवळं बदक. मी काळीवर हात ठेवला आणि नेमका तेव्हाच आणखी एक हात तिच्यावर पडला... उन्हानं रापलेला, लांब बोटांचा.

"मी आधी," मी म्हणाले.

"व्हय. पण बदक तुम्हाला लई शोभंल."

"तुम्हीच घाला मग. लांबून ओळखू याल."

टोपी घेतली आणि बाहेर पडले. मागून हसणं ऐकू आलं. मी वळून बघितलं नाही. बरं, बघितलं... एकदाच.

दुसऱ्या दिवशी सकाळी स्विमिंग पुलाच्या काठावर बावीस जण उभे होते आणि त्यांत एक पोपटी टोपी होती. मला बघून त्यानं बदकाकडे बोट दाखवलं आणि मान लववली. मी हसू दाबलं. मी तिथं हसायला आले नव्हते.

मी करुणा हिवराळे, फिजिओथेरपिस्ट. आमच्या पुनर्वसन केंद्रात नुकताच कोमट पाण्याचा तलाव बांधून झाला होता. लकवा मारलेल्या, अपघातातून उठलेल्या पेशंटना पाण्यात उभं करून चालवायचं, त्यासाठी. छातीभर पाण्यात माणसाचं वजन निम्म्याहून खाली येतं. जमिनीवर हलत नाही तो पाय तिथं हलतो. मोठे डॉक्टर म्हणाले होते, "दहा दिवसांचं प्रशिक्षण पास होऊन ये, तलाव तुझ्या ताब्यात. नाहीतर पुण्याहून माणूस आणावा लागेल." पुण्याहून! मी त्याच दिवशी फॉर्म भरला. त्यात विचारलं होतं, पोहता येतं का? मी 'होय' लिहून मोकळी झाले. खरं सांगायचं तर मी कमरेच्या वर पाण्यात कधी गेलेच नव्हते.

प्रशिक्षण द्यायला मंजुषा मॅडम होत्या. बारीक, पिकल्या केसांच्या, आवाज मात्र पोलिसासारखा. "शेवटच्या दिवशी परीक्षा," त्या म्हणाल्या. "खोल बाजूला अंग सोडून दिलेल्या माणसाला एकट्यानं काठाला आणायचं. खोली साडेपाच फूट."

माझी उंची पाच फूट एक इंच.

मग जोड्या लागल्या. एकानं थेरपिस्ट व्हायचं, एकानं पेशंट. माझ्या वाट्याला बदक आलं. नाव शिवराज. लासूर स्टेशनला त्याचं स्वतःचं छोटं क्लिनिक होतं आणि घरी शेती. तो उताणा झाला, त्याची मान माझ्या एका हातावर, कंबर दुसऱ्यावर. पाण्यावर वाफेचा पातळ थर होता आणि त्याच्या पापण्यांवर थेंब. मी पापण्यांकडे बघत नव्हते.

"पेशंटच्या मानेला तुमच्या हातातली भीती कळते," मॅडम सांगत होत्या.

"माझ्या मानेला कळली," डोळे मिटूनच तो पुटपुटला.

"काय कळलं?"

"थेरपिस्ट लटलट कापतीय."

"पाणी गार आहे."

"चौतीस डिग्री हाये, मॅडम."

सुट्टीत तो चहा घेऊन माझ्याजवळ आला. हळूच म्हणाला, "पोहता येत नाय ना तुम्हाला? लहानपणी कुणी विहिरीत टाकलं नाय का? आमच्याकडं पाठीला डबा बांधून देतात ढकलून. आठ दिवसांत पोरगं पोहतंय."

"कुणाच्या विहिरीत?" मी विचारलं.

त्याला कळलं नाही.

"माझी आजी पारूबाई. ती गावात होती तोवर तिला विहिरीच्या काठावर चढू देत नव्हते. खाली घागर घेऊन बसायचं. वरून कुणाला दया आली तर ओतायचं. तर सांगा, आम्ही डबा बांधून उडी कुणाच्या विहिरीत मारायची?"

त्याच्या हातातला चहा तसाच राहिला. मी कप ठेवला आणि उठले. मला राग आला होता, आणि हसऱ्या माणसाचा राग येतो तेव्हा जास्तच येतो.

दुसऱ्या दिवशी मी सातलाच गेले, वर्ग आठचा. उथळ बाजूला माझी मीच पाय मारत होते. काठावर तो येऊन उभा राहिला.

"काल घरी गेल्यावर आईला विचारलं," तो म्हणाला, "की आपल्या विहिरीवर पहिलं कोण कोण पाणी भरायचं. आई बोललीच नाय. भाकरी थापत राहिली. मग समजलं... चुकलं माझं."

मी पाय मारत राहिले.

"शिकवू का तुम्हाला?"

"उपकार म्हणून?"

"नाय. ती काळी टोपी बुडाली तर मला वाईट वाटंल."

आणि मी हसले. काय करणार!

मग रोज सातला. त्याची शिकवायची पद्धत म्हणजे नुसती बडबड.

"अंग किती ताठ! दगड झालाय नुसता."

"तुम्हीच म्हणालात ना, लाकडासारखं पडा."

"लाकूड तरंगतंय, मॅडम. दगड नाय तरंगत."

"धरा ना नीट!"

"धरलंय."

"इतकं नका धरू."

"बरं, सोडतो."

"सोडलंत तर बघा!"

चौथ्या दिवशी कान पाण्याखाली गेले, सगळं शहर एकदम गप्प झालं आणि मला कळलं की त्याचे हात माझ्या पाठीखाली नाहीतच. मी तरंगत होते. तो दोन हात लांब उभा होता आणि माझ्यापेक्षा त्यालाच जास्त आनंद झाला होता. त्या दिवसानंतर 'तुम्ही'चं 'तू' कधी झालं, दोघांनाही आठवत नाही. मला तो आवडायला लागला होता. हे मी स्वतःशी कबूल केलं आणि पुन्हा पाय मारायला लागले, कारण दिवस सहाच उरले होते.

नवव्या दिवशी रंगीत तालीम. शिवराजला हनुवटीखाली धरून मी खोल बाजूनं निघाले, उताणी, पाय मारत. सरसर काठाला आले! ओरडणारच होते, इतक्यात नजर त्याच्या पायांकडे गेली. तिथं पाणी ढवळलं होतं.

"तू पाय मारलेस?"

"थोडेसेच... तू लई दमली व्हतीस, करुणा."

"माझा पेशंट पाय मारणार आहे का? पाय हलत असते तर तो माझ्याकडे आला असता कशाला?"

"मला बघवलं नाय गं."

"मग डोळे मिटायचे!" मी कपडे बदलून तरातरा निघाले. रिक्षात रडले. रागानं कमी, त्याचं 'बघवलं नाय' आठवून जास्त.

परीक्षेच्या सकाळी मॅडमनी नावं वाचली. "करुणा, शिवराज. त्याच जोड्या राहतील."

"मॅडम, मला दुसरा पेशंट द्या," मी म्हणाले. सगळे वळले. "हा मला बुडू देणार नाही. गुपचूप पाय मारेल."

काठभर हसू पिकलं. शिवराजचे कान लाल झाले. माझ्याही तोंडून काय निघून गेलं ते मला तेव्हा कळलं. पण आता थांबायचं नव्हतं.

"आणि आणखी एक. फॉर्मवर मी 'पोहता येतं' असं लिहिलं, ते खोटं होतं. आज खरं आहे. बघा."

"खोटं होतं ते मला पहिल्या दिवशीच दिसलं," मॅडम म्हणाल्या. "धोंडिबा, जा हिच्याबरोबर."

धोंडिबा ब्रदर, आमच्याच वर्गातले, दवाखान्यात पुरुष नर्स. नव्वद किलो आणि नावातच धोंडा! त्यांनी खोल बाजूला जाऊन अंग सोडलं. मी मागून हनुवटी धरली, पाय उचलले. तळ सुटला. पहिल्या दोन झटक्यांना आम्ही जागेवरच होतो. नाकात पाणी गेलं, डोक्यात एकच विचार, पुण्याहून माणूस. मी मान मागे टाकली, कान बुडवले, मांड्यांपासून पाय मारले. एक... दोन... वीसच्या पुढं मोजायचं सोडलं. पोटऱ्या पेटल्या होत्या. धोंडिबा ब्रदरांनी खरोखरच बोटसुद्धा हलवलं नाही, देव त्यांचं भलं करो. माझं डोकं काठावर आपटलं तेव्हा कळलं की काठ आला.

"पास," मॅडम म्हणाल्या. बस, एवढंच.

मी काठावर धापा टाकत बसले. शेजारी शिवराज येऊन बसला. त्यालाही धाप लागली होती.

"तुला काय झालं?"

"काठावर बसून पाय मारत व्हतो ना." मग तो गंभीर झाला. "मला तू आवडतीस, करुणा."

"मलाही आवडतोस," मी म्हणाले. "पण इथं आवडून काय उपयोग? घरी बोलशील?"

त्यानं माझ्याच टॉवेलला बोटं पुसली, मोबाईल काढला आणि स्पीकर लावला. मला वाटलं, मस्करी करतोय.

"आई, ती करुणा, जिचं सांगत असतो मी... मला तिच्याशी लगीन करायचंय."

ओळख दहा दिवसांची आणि थेट लग्न! मी त्याला चिमटा काढला. तो हलला नाही.

"आडनाव काय तिचं?" पलीकडून त्याच्या आईनं, चतुराबाईंनी विचारलं.

हा प्रश्न का विचारतात, ते आमच्याकडे कुणाला समजावून सांगावं लागत नाही.

"हिवराळे," शिवराज म्हणाला. स्पष्ट, एकेक अक्षर.

पलीकडे काहीच नाही. मी श्वास धरून ठेवला. आता बराच वेळ धरता येत होता. शिवराजनं फोन बंद केला नाही, विषयही बदलला नाही.

"तवा तू विहिरीचं इचारलं, तर मला बोलता आलं नाय," अखेर त्या म्हणाल्या. "लई दिवस डोक्यातून जाईना ते... तुझ्या बापाला मी सांगनार नाय. तूच सांग, तोंडावर."

"सांगतो."

"अन् आज परीक्षा हाये म्हनला व्हता. पास झाली का ती पोरगी?"

तो बोलायच्या आत मी मोबाईल घेतला. "झाले, काकू. नव्वद किलोचा माणूस ओढून आणला, एकटीनं."

"अगं बया!" त्या क्षणभर थांबल्या. "मग तयारी ठेव, पोरी. आमचे हे शंभरच्या वर हायेत, अन् जागचे हलत नायत."

"चालेल, काकू," मी म्हणाले. "रविवारी येते."